अस्वल कामाला गेलंय

त्या मंगळवारी सकाळी मम्मीचा फोन मी दोनदा कट केला. ऑफिसात रोजची मीटिंग चालू होती आणि माझी बोलायची पाळी जवळ आली होती. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला आधीपासूनच धडधडतं, त्यामुळे काय सांगायचं ते वहीत लिहून मी मनात घोकत होते. तिसरा फोन आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सुवर्णावहिनींचा होता. त्या मला कधीच फोन करत नाहीत. मी उठून बाहेर पॅसेजमध्ये गेले. "बाळा, तू निघ लगेच," एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढचं मला कळलं. पप्पा आंघोळ करून, देवाला फुलं वाहून खुर्चीत बसले होते. मम्मी चहा घेऊन येईपर्यंत मान कलली होती... पुण्याहून सोलापूरपर्यंत बसमध्ये मी रडले नाही. मला सारखं एकच आठवत होतं. त्याआधीच्या दोन रविवारी त्यांनी मला फोन करून विचारलं होतं, "येतीस का? त्या अस्वलाचा दुसरा भाग आलाय."

हे अस्वल कुठलं, ते सांगायचं तर मला सतरा-अठरा वर्षं मागे जावं लागेल. पप्पा मूळचे करकंबचे. आयटीआय करून ते श्रीपूरला साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. मला इंग्लिश मीडियमला घालायचं हा त्यांचा हट्ट. त्यासाठी मम्मी आणि मी सोलापूर शहरात, जुळे सोलापूर भागात फ्लॅटमध्ये, आणि ते तिकडे क्वार्टरमध्ये, असा संसार आम्ही वर्षानुवर्षं केला. दिवाळीच्या सुमाराला कारखाना सुरू झाला की ते गेले. मग सीझन संपेपर्यंत येणं-जाणं जवळजवळ नाहीच. आले तरी एका दिवसासाठी, अंगाला उसाच्या मळीचा गोडसर वास घेऊन, आणि अर्धा दिवस झोपण्यात जायचा. मी लहानपणी दिवस मोजायला शिकले ते कॅलेंडरवर नाही, सीझनवर. माझ्यासाठी वर्षाचे दोनच भाग होते, पप्पा असलेला आणि पप्पा नसलेला.

मी आठ वर्षांची असेन. दिवाळीची सुट्टी होती आणि दुसऱ्या दिवशी ते श्रीपूरला निघणार होते. शाळेत सगळ्यांनी पाहिलेला एक इंग्रजी कार्टून सिनेमा मला बघायचा होता. पप्पा म्हणाले, चल की. मम्मीने विचारलं, तुम्हाला काय कळणार त्यातलं? त्यावर ते म्हणाले, "मला कशाला कळाय पायजे? मॅडम हायती की सांगायला." मी इंग्लिश मीडियमला गेल्यापासून ते मला मॅडमच म्हणत. लहानपणी उजवा कान फुटल्यामुळे त्या कानाने त्यांना जवळजवळ ऐकूच येत नसे. म्हणून मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, आणि नंतर कायम त्याच बाजूला बसत राहिले. पडद्यावर कुणी काही बोललं की ते डोकं माझ्याकडे झुकवत, "काय म्हणालं?" असं हळूच विचारत आणि मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मराठीत सांगत असे. त्यांच्या कानाजवळ खोबरेल तेलाचा आणि लाइफबॉय साबणाचा वास यायचा. शाळेत मी कुणाशी फारसं बोलत नसे. बाईंनी उभं केलं की उत्तर येत असूनही गप्प राहायचे. त्या अंधारात मात्र मी दीड-दोन तास न थांबता बोलत होते आणि एक मोठा माणूस माझा प्रत्येक शब्द ऐकत होता.

तो सिनेमा एका पांढऱ्या अस्वलाचा आणि त्याच्या पिल्लाचा होता. बाप-लेक बर्फात एका मोडक्या होडीत राहतात, बाप डोक्यावर लोकरीची लाल टोपी घालतो आणि पिल्लू ती सारखी पळवतं. मध्यंतरानंतर वादळ येतं. पिल्लू बर्फाच्या तुकड्यावर लांब वाहून जातं, बाप त्याला परत ढकलून काठाला लावतो, आणि मग त्याच्याच पायाखालचा बर्फ फुटतो. पाण्यावर नुसती टोपी येते. त्यानंतर एक म्हातारा पक्षी पिल्लाजवळ येऊन बसतो आणि बराच वेळ काहीतरी सांगतो. थिएटरमध्ये एकदम शांतता होती. पप्पांनी डोकं झुकवलं. "काय म्हणालं गं ते पाखरू?" मला सगळं समजलं होतं. पण उद्या ते निघणार होते, आणि ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर येईना. मी म्हटलं, "तो सांगतोय, तुझे पप्पा कामाला गेलेत. सीझन संपला की येणार."

त्यांनी परत पडद्यावरच्या पिल्लाकडे बघितलं. मग म्हणाले, "व्हय? मग बरं झालं." आणि खिशातून मोठा चौकड्यांचा रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला. घरी आल्यावर मम्मीने डोळे लाल का म्हणून विचारलं, तर म्हणाले, एसी लई गार होता. मला वाटलं, मी त्यांना वाचवलं. कुणाला तरी वाचवल्याचा तो आनंद मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघताना ते दारात थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "अस्वल निघालं कामाला." मी ओरडून सांगितलं, सीझन संपला की येणार. त्या दिवसापासून निघताना हे दोन संवाद व्हायचेच. मम्मी वैतागायची. तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणायची, बापाला अस्वल काय म्हणते, शाळेत हेच शिकवतात काय.

मग दर सुट्टीत एखादा तरी सिनेमा व्हायचाच. बोलणारी खेळणी, उडणारी घरं, हरवलेले मासे असं काहीही पप्पांना चालायचं. मात्र मोठ्यांचे सिनेमे त्यांना आवडत नसत. ते म्हणायचे, तिथं मोठी माणसं खोटं रडतात, हितं जनावरं खरं रडतात. एकदा पडद्यावर एका कारखान्याचा सीन होता, सगळी चाकं फिरत होती आणि मुलं टाळ्या पिटत होती. पप्पा मात्र पुढे वाकून बघत राहिले आणि बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये त्यांनी मला दहा मिनिटं समजावून सांगितलं की तिसरं चाक उलटं फिरत होतं, तसं फिरलं तर दाते तुटतील, पण चित्र काढणाऱ्याने पट्ट्याचं ताणणं मात्र अगदी बरोबर काढलंय, तो माणूस कधीतरी कारखान्यात उभा राहिलेला असणार. मम्मीचं टोमणे मारणं चालूच असायचं. पोरीला नेताय का पोरगी तुम्हाला नेतीय? ते हसून स्कूटरला किक मारायचे.

आता मला वाटतं की हे सिनेमे ते खरोखर स्वतःसाठीच बघत होते आणि मी त्यांचं निमित्त होते. मी लहानपणापासून माणसांकडे जरा जास्तच बघत बसते. मध्यंतरात दिवे लागले की मी बाकीच्या वडिलांकडे बघायचे. कुणी बँकेतला, कुणी दुकानदार, कुणी पोलिसातला. मांडीवर मूल, हातात पॉपकॉर्न, आणि डोळे लाल. कुणी एकमेकांकडे बघायचं नाही. सगळे पोराला घेऊन आलेले, स्वतः कुणीच आलेला नाही. बाहेर जगात त्यांना कुठे रडायची सोय नव्हती आणि एखाद्या खेळण्यातल्या घोड्यासाठी ते अंधारात रडून घेत होते. पोराला काय, तो घोडा आवडायचा. बापाला मात्र कळायचं की घोडा एक दिवस माळ्यावर जाणार आहे, कारण पोरगं मोठं होणार आहे. एकच चित्र दोघं शेजारी बसून बघायचे आणि दोघांना वेगवेगळं दिसायचं. पप्पांसाठी आणखी एक गोष्ट होती, असं मला वाटायचं. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला शहरात सगळीकडे अवघडल्यासारखं व्हायचं. माझ्या शाळेच्या पालकसभेत ते मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे. मुलांच्या सिनेमात कुणी त्यांना काही विचारणार नव्हतं.

एक सवय मात्र त्यांची होती, आणि तिच्याबद्दलच मला लिहायचं नव्हतं. मी कानात सांगेपर्यंत विनोद होऊन गेलेला असायचा. त्यामुळे सगळं थिएटर हसून शांत झालं की मग पप्पा हसायचे. एकटेच, मोठ्याने, कारखान्यातल्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय असलेल्या माणसासारखे. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. दहावीत असताना एका रविवारी आमच्या मागच्या रांगेत माझ्या वर्गातल्या चार मुली येऊन बसल्या. त्या आल्यात हे मला मध्यंतराच्या जरा आधी कळलं, कारण पप्पा हसले आणि पाठोपाठ मागून तसंच हसणं आलं. हुबेहूब. मग खिदळणं. पप्पांनी मागे वळून बघितलं आणि त्यांनाही हसू आलं. त्यांना वाटलं, पोरींनाही विनोद आवडला.

मध्यंतरानंतर मी त्यांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी डोकं झुकवलं. "काय म्हणालं?" मी पडद्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने पुन्हा झुकवलं. मी म्हटलं, "पप्पा, बघा ना नुसतं." ते डोकं काही वेळ तसंच माझ्या बाजूला होतं... मग हळूहळू सरळ झालं. त्यानंतर पुढचा सगळा सिनेमा ते हसले नाहीत. बाहेर आल्यावर मी मुलींच्या आधी पार्किंगमध्ये पोहोचले. स्कूटरवरून घरी येताना ते समोर बघत म्हणाले, "ती पोरगी आईवर चिडली न्हवती. सवताच्या मनावर चिडली हुती." सिनेमात अगदी तसंच होतं. मध्यंतरानंतरचा एक शब्दही मी सांगितला नव्हता, तरी त्यांना ते बरोबर कळलं होतं. तेव्हा ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाटलं, अंदाजाने म्हणाले असतील. मी एवढंच म्हटलं की आता बारावीपर्यंत मला अभ्यास आहे, सिनेमे बंद. ते म्हणाले, बरोबर हाय. त्यानंतर आम्ही दोघं पुन्हा थिएटरमध्ये गेलो नाही.

पुण्यात हॉस्टेलला गेल्यावर एकदा सगळ्या मुली आपापल्या घरच्या गमती सांगत होत्या. माझ्याकडे सांगायला कधीच काही नसायचं. त्या दिवशी मी अस्वलाची गोष्ट सांगितली. माझ्या वडिलांना अजून वाटतं, ते अस्वल कामाला गेलंय... सगळ्या खूप हसल्या. पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर खोलीभर हसू उठलं होतं, आणि मीही हसले. पुढे ती गोष्ट मी आणखी दोन-तीनदा सांगितली. दर वेळी जरा रंगवून. सुट्टीत घरी गेले की परत निघताना आता निघणारी मी असायचे. पप्पा बसस्टँडवर खिडकीखाली उभे राहून म्हणायचे, "अस्वल निघालं कामाला." मी खिडकीतून हळू आवाजात उत्तर द्यायचे, शेजारच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. खरं म्हणजे मला त्यांची दया यायची. कधीतरी खरं सांगून टाकावं, माफी मागावी असं मी ठरवलं होतं. एवढी साधी गोष्ट, पण मी ती पुढे ढकलत राहिले. मनात घोकून ठेवलेली बरीच वाक्यं मी अशीच ठेवून दिलेली आहेत.

रिटायर झाल्यावर पप्पा कायमचे जुळे सोलापूरला आले. मम्मी म्हणायची, घरात अस्वल पाळल्यासारखं झालंय, सारखं फेऱ्या मारतंय. त्यांना आता सिनेमाला जायला निमित्त नव्हतं. साठीचा माणूस एकटा कार्टूनचं तिकीट कसं काढणार? शेवटी त्यांनी सुवर्णावहिनींची लेक ओवी मागून घेतली. ओवी आठ वर्षांची, सेमी-इंग्लिशला जाते आणि तिला न विचारताही बोलायला आवडतं. हिंदीत डब केलेले सिनेमे दोघं बघून यायचे. फोनवर मम्मी त्याची तक्रार करायची आणि मला सुटल्यासारखं वाटायचं.

म्हणूनच दुसऱ्या भागासाठी त्यांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, पप्पा, हिंदीत आलाय तो, ओवीला घेऊन जा, तुम्हाला सगळं कळेल. ते म्हणाले, "कळायसाठी कुटं जातो गं मी." मी पुढच्या रविवारी येते म्हटलं. पुढच्या रविवारी पुन्हा फोन आला. ओवी चल म्हणतीय, पण मी थांबलोय, असं म्हणाले. इंग्रजी शो सकाळचा एकच हाय, गुरुवारी बदलतंय म्हणं. मी सांगितलं, ऑफिसचं काम आहे. काम खरं होतं. पण त्यासाठी यायचं थांबावं इतकं नव्हतं.

तेराव्यानंतर घर रिकामं झालं. पाहुणे गेले, सतरंज्या परत गेल्या. मम्मी आत पडून होती आणि मी हॉलमध्ये त्यांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले होते. ओवी आली. लहान मुलांना अशा घरात कसं वागायचं ते कळत नाही, म्हणून ती जरा वेळ दारातच चप्पल काढत-घालत उभी राहिली. मग शेजारी येऊन बसली. मला वाटलं, हिच्याशी काहीतरी बोलायला हवं. मी म्हटलं, तुमचा अस्वलाचा सिनेमा राहिला ना. आजोबांना बघायचं होतं, अस्वल कामावरून परत येतं का ते.

ओवीने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. बोलावं की नको, असं तिचं चाललं होतं. मग म्हणाली, "दीदी, ते अस्वल मेलंय."

मी विचारलं, तुला कुणी सांगितलं?

"आजोबांनीच. आम्ही पहिला पार्ट टीव्हीवर बघितला ना, तेव्हा. पण तुला सांगायचं नाही म्हणाले होते." तिने आतल्या खोलीकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज कमी केला. "ते म्हणाले, मला रडू येऊ नये म्हणून दीदीनं तसं सांगितलंय. मला पहिल्यापासून ठाऊक हाय हे तिला कळलं, तर तिला वाईट वाटंल."

शेवटचं वाक्य तिने त्यांच्याच आवाजात म्हटलं, त्यांच्याच हेलात.

बर्फ फुटला होता, अस्वल पाण्यात गेलं होतं, वर नुसती टोपी आली होती. यात इंग्रजी होतंच कुठे? शेजारी बसलेल्या कुठल्याही चार वर्षांच्या मुलाला ते कळलं होतं, आणि चाळीशीच्या माणसाला ते मी सांगेन तसंच कळेल, असं मी एवढी वर्षं धरून चालले होते. चष्मा पुसताना त्यांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन दारात उभे राहिले तेव्हाही ठाऊक होतं. दर सीझनला आणि पुढे बसस्टँडवर दर वेळी, ते वाक्य ते फक्त माझ्यासाठी म्हणत होते. एका आठ वर्षांच्या मुलीने घाबरून जी गोष्ट रचली, ती त्यांनी मोडू दिली नाही. आणि मी ती गोष्ट हॉस्टेलच्या खोलीत सांगून हसू मिळवलं. मला त्यांची माफी मागायची होती ती खोटं सांगितल्याबद्दल. आता ज्याबद्दल मागायची आहे ते वेगळंच आहे, आणि ते सांगायला समोर कुणी नाही... ओवीने विचारलं, दीदी, तुला वाईट वाटलं का? मी म्हटलं, नाही. मग तिने गुडघ्यावर ठेवलेला माझा हात धरून ठेवला. माझं खोटं या घरात वावरणाऱ्या माणसांना पहिल्यापासून कळतं, असं दिसतंय.

सोलापुरात तो सिनेमा उतरला होता. पुण्यात एका थिएटरला सकाळचा इंग्रजी शो अजून चालू होता. परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी गेले. एकटीच. तिकीट देणाऱ्या मुलीने विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, कुणी नाही. गर्दी कमी होती. माझ्या उजव्या हाताची खुर्ची मोकळी होती. ती तशी राहावी म्हणून मी तिच्यावर माझी पर्स ठेवली, आणि सिनेमा सुरू झाल्यावर उचलून मांडीवर घेतली.

पिल्लू आता मोठं झालं होतं. सुरुवातीलाच एक विनोद झाला आणि सगळं थिएटर हसलं, मुलं जरा जास्त वेळ हसली, मग शांत झालं. मी थांबले. सवयीने थांबले, आणखी एका हसण्यासाठी... पडद्यावर पुढचा संवाद सुरू झाला. मध्यंतरानंतर पिल्लाला त्याच्यासारखंच दुसरं एक पिल्लू भेटतं आणि विचारतं, तुझे बाबा कुठे आहेत? होडीच्या खिळ्याला ती लाल टोपी अडकवलेली असते. मोठं झालेलं अस्वल तिच्याकडे बघतं आणि बराच वेळ काहीतरी सांगतं. माझ्याही नकळत मी उजवीकडे झुकले होते. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं, तेव्हा मला कळलं की मी हळू आवाजात बोलतेय.

मी गप्प झाले नाही. त्या पुन्हा समोर बघू लागल्यावर मी वाक्य पूर्ण केलं. "अजून कामावरच आहेत म्हणतोय, पप्पा. सीझन लांबलाय."